बेटावर स्कूबा : डायव्ह ऑपरेटर निवडताना नक्की काय बघायचं?

निळाई

नमस्कार मंडळी,

बेटावरची आठवडाभराची सुट्टी ठरली आहे आणि यावेळी त्यातले बरेचसे दिवस पाण्याखाली घालवायचे असा घाट आहे. मी ओपन वॉटर सर्टिफाइड आहे, म्हणजे स्कूबाचा पहिला कोर्स झालाय, पण कार्ड हातात आलं आणि मग संसार, नोकरी वगैरे. मधली काही वर्षं कोरडीच गेली. नवऱ्याने स्कूबा कधीच केलेलं नाही. पोहता येतं, पण पायाखाली तळ लागेनासा झाला की गडी गप्प होतो. लेक बारा वर्षांची. तिला फक्त घाई आहे.

बेटावर डायव्हिंगवाले पुष्कळ. चाळून चाळून तीन उरले आहेत. एक रिसॉर्टला जोडलेलं मोठं सेंटर, बऱ्याच होड्या, चकाचक वेबसाइट. दुसरं एक जोडपं चालवतं ते छोटं दुकान, होडी एकच, आणि वेबसाइट कुणी शेवटची कधी उघडली असेल देव जाणे. तिसरा किनाऱ्यावरचा एजंट, सगळ्यांत स्वस्त, मेसेजला मिनिटात उत्तर देतो. तिघांनाही पाचापैकी जवळजवळ पाच तारे. तिघांच्याही पानावर कासव. मला तर ते कासवही एकच वाटतंय.

पैसे भरण्याआधी, घरबसल्या, यांच्यातला फरक ओळखायचा कसा? अनुभवी लोकांनी कृपया लिहा.

बुडबुडे

रुमाल टाकून ठेवतो. रात्री सविस्तर लिहितो, होडीबद्दल बरंच बोलायचंय.

खोलकर

ताई, तारे विसरा. रिव्ह्यू लिहिणाऱ्यांतले बरेच जण पहिल्यांदाच पाण्याखाली गेलेले असतात. मासे दिसले, फोटो मिळाले, इन्स्ट्रक्टर हसतमुख होता, दिले पाच तारे. ब्रीफिंगमध्ये काय राहून गेलं हे त्यांना कळायचं कारणच नाही. मी मुद्दाम कमी ताऱ्यांचे रिव्ह्यू आधी वाचतो. "हवामान खराब म्हणून डायव्ह रद्द केला, आमचा दिवस फुकट गेला" अशी तक्रार दिसली की त्या दुकानाला माझ्याकडून एक गुण जास्त.

घरबसल्या ओळखायचं तर एकच खूण बघा: चौकशीचा मेल टाकल्यावर ते तुम्हाला काय विचारतात? कार्ड कुठल्या लेव्हलचं, शेवटचा डायव्ह कधी केला, एकूण साधारण किती झालेत, काही आजार, औषधं, कानाचा त्रास, परतीचं विमान कधी. एवढं विचारणारा माणूस तुम्हाला पाण्यात कुठे न्यायचं याचा आधी विचार करतो. "किती जण आणि ॲडव्हान्स कधी पाठवता" एवढंच विचारणाऱ्याने जागा मोजल्या आहेत.

आता लोगोंविषयी. पाडी, एसएसआय, नॉवी, सीमास, बीएसएसी या प्रशिक्षण देणाऱ्या संस्था आहेत. यातली कुठली भारी यावर लोक तासन्‌तास भांडतात. सुट्टीवर जाणाऱ्याला त्याने फारसा फरक पडत नाही. मनोरंजनासाठीच्या डायव्हिंगला आयएसओची मानकंही आहेत, स्वतंत्र डायव्हरसाठी २४८०१-२ आणि सेवा पुरवणाऱ्या केंद्रांसाठी २४८०३, आणि मोठ्या संस्थांचे कोर्स त्यांच्याशी जुळवून घेतलेले असतात. शिकवायचं काय ते लोगोवरून कळतं, त्या दिवशी होडीवर कोण असेल ते कळत नाही. दारावर "५ स्टार" लिहिलेलं असलं तरी हुरळून जाऊ नका. पाडीच्या बाबतीत ती सदस्यत्वाची पातळी आहे, हॉटेलसारखी प्रत नाही.

लोगोपेक्षा इन्स्ट्रक्टरचं नाव आणि नंबर मागा. पाडीच्या साइटवर "प्रो चेक" म्हणून सोय आहे, नंबर टाकला की तो माणूस सध्या शिकवायला पात्र आहे का ते कळतं. नंबर मागितल्यावर जो दुखावतो, त्याच्याशी पुढे बोलायची गरज नाही.

आणि एक. तुमच्या कार्डाची मर्यादा १८ मीटर. पुढच्या ॲडव्हान्स कोर्सच्या कार्डाची ३० आणि मनोरंजनाच्या डायव्हिंगची शेवटची हद्द ४०. "काही नाही हो, मी आहे ना बरोबर, चला ३० मीटरवरच्या बुडालेल्या जहाजाकडे" असं म्हणणारे भेटतातच. ३० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या चौपट असतो, म्हणजे तीच टाकी चौपट वेगाने रिकामी होते, वर नायट्रोजनची गुंगी. टाकीत साधी हवा असेल तर पहिल्या डायव्हला, वर येताना सक्तीचे थांबे न घेता, पाडीच्या तक्त्याप्रमाणे १८ मीटरवर ५६ मिनिटं मिळतात, ३० मीटरवर २०. त्याच्या "मी आहे ना"मुळे यातलं एक मिनिटही वाढत नाही.

तळ्यात_मळ्यात

थोडा विरोधी सूर लावतो, रागावू नका. सुट्टीला चाललाय का तपासणीला? जगभर रोज एवढे लोक टाकी लावून उतरतात आणि हसत वर येतात. मीही एका बेटावर असाच उतरलो होतो. फॉर्मवर सही केली, त्यांनी खाली नेलं, मासे दाखवले, वर आणलं. मी काहीही केलं नाही. एकदम झकास. नंबर काय मागायचेत!

पाणघोडा

@तळ्यात_मळ्यात, तुमचं "मी काहीही केलं नाही" हे वाक्य फ्रेम करून ठेवा.

मी हे काम पोटासाठी केलंय, त्यामुळे आतली गोष्ट सांगतो. त्या प्रकारात इन्स्ट्रक्टर मागून तुमच्या टाकीचा व्हॉल्व्ह धरतो. जॅकेटात हवा भरायचं बटण त्याच्या हातात. तुमचे पाय लोंबकळत असतात. एका ठरलेल्या खडकापाशी नेलं जातं, तिथे कॅमेरावाला, दोन बोटांनी व्ही, परत. पुढचा गिऱ्हाईक होडीवर वेटसूट चढवून बसलेलाच असतो. तुम्ही डायव्हर नसता, पार्सल असता. आणि दहातल्या नऊ वेळा, नव्हे शंभरातल्या नव्याण्णव वेळा, पार्सल नीट पोचतं.

प्रश्न उरलेल्याचा. मास्कमध्ये पाणी शिरलं, ठसका लागला, माणूस घाबरला आणि श्वास रोखून वर पळाला. दहा मीटरवर दाब दुप्पट असतो. तिथे भरून घेतलेला श्वास वर येताना दुप्पट जागा मागतो. छातीत ती नसते. फुप्फुसाला इजा व्हायला दहा मीटर लागतातच असंही नाही. भरलेल्या छातीने श्वास रोखून जेमतेम सव्वा मीटर वर आलं तरी पुरतं. म्हणून स्कूबाचा पहिला नियम: श्वास कधीही रोखायचा नाही. हा नियम होडीवर ओरडून सांगून अंगात येत नाही, उथळ पाण्यात गुडघ्यांवर बसून येतो.

निळाईताई, तुमच्या मिस्टरांसाठी आणि मुलीसाठी एकच प्रश्न विचारा: "पहिला अर्धा तास आम्ही कुठे असू?" उत्तर "स्विमिंग पूलमध्ये" किंवा "कमरेएवढ्या शांत पाण्यात" असं आलं, आणि तिथे रेग्युलेटर (ज्यातून श्वास घेतो ते तोंडातलं यंत्र) सुटला तर परत कसा घ्यायचा, मास्कमधलं पाणी नाकाने कसं बाहेर काढायचं, कान कसे मोकळे करायचे हे करून घेणार असतील, तर पुढे बोला. "थेट होडीने स्पॉटवर" असं उत्तर आलं तर पार्सल. पहिल्यांदा उतरणाऱ्यांच्या डिस्कव्हर स्कूबाला १२ मीटरची मर्यादा आहे, पण खरं सांगायचं तर सहा-सात मीटरवर प्रकाश जास्त, रंग जास्त, मजा जास्त. "आम्ही खोल नेतो" ही जाहिरात नवशिक्यासाठी नसतेच.

एका इन्स्ट्रक्टरमागे किती जण हेही विचारा. संस्थांनी घातलेला आकडा हा कमाल आकडा असतो, आदर्श हवामानातला. घाबरट नवरा (माफ करा भावोजी) आणि उत्साही लेक यांना मी एका इन्स्ट्रक्टरकडे एकत्र दिलं नसतं. तो एकाला शांत करत असताना दुसरी कासवामागे गेलेली असते.

तळ्यात_मळ्यात

पार्सल! बरं बुवा. पण फोटो छान आलेत माझे.

कर्णधार

आयडी बघून हसू नका, कानाचाच डॉक्टर आहे.

वैद्यकीय फॉर्मबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. बहुतेक चांगली सेंटर्स आता २०२० साली नव्याने केलेली प्रश्नावली वापरतात. पहिल्या पानावर दहा प्रश्न, आणि त्यातल्या काहींना "हो" आलं तर पुढच्या पानावर उपप्रश्न. दमा, फुप्फुसाचे आजार, हृदय, फिट्स, कानाची शस्त्रक्रिया, नियमित औषधं, वय ४५ च्या वर आहे का, असं सगळं. "हो" आलं म्हणजे बंदी असा अर्थ नाही. अनेकदा डॉक्टरने तपासून सही केली की काम होतं.

आता खरी गंमत. किनाऱ्यावर हा फॉर्म हातात देताना काही जण हळूच सांगतात, "सगळीकडे नाही वर टिक करा, नाहीतर डायव्ह मिळणार नाही." हे वाक्य ऐकलंत की पिशवी उचला आणि निघा. तो माणूस तुमच्या सहीने स्वतःची जबाबदारी झटकतोय. म्हणून फॉर्म प्रवासाच्या आधी मागवा, घरी भरा, गरज असेल तर इथेच डॉक्टरांकडून सही घ्या. बेटावर पोचल्यावर डॉक्टर शोधत फिरणं म्हणजे सुट्टीची माती.

सर्दी असेल तर उतरू नका. नाक मोकळं करायची गोळी घेऊन जाणारे असतात. खाली असताना गोळीचा असर उतरला तर कानात किंवा सायनसमध्ये हवा अडकते आणि वर येताना दुखतं, आणि तेव्हा खाली राहण्याची चैन नसते कारण टाकी संपत आलेली असते. कान पहिल्या मीटरपासूनच मोकळे करत जायचे, दुखायला लागल्यावर नाही. "दुखलं तरी जोर लावा, उघडतील" म्हणणारा गाइड असेल तर त्याला नमस्कार करा.

निळाई

बापरे, केवढी माहिती! कर्णधार, तुम्ही नेमकं बोट ठेवलंत. नवऱ्याचं वय ४५ च्या पुढे आणि बीपीची गोळी चालू आहे. म्हणजे डॉक्टरांची सही घ्यावीच लागणार ना?

कर्णधार

हो. औषधाचं नाव आणि सध्याची रीडिंग्ज घेऊन जा. नियंत्रणात असलेल्या बीपीवाले पुष्कळ जण डायव्हिंग करतात, पण नक्की काय ते त्यांना तपासणारा डॉक्टरच सांगेल, मी धाग्यावरून नाही.

बुडबुडे

आलो. होडी.

लोक सगळं दुकानात बसून ठरवतात आणि होडी थेट निघताना बघतात. उलट करा. आदल्या संध्याकाळी धक्क्यावर चक्कर मारा, होड्या परत येत असतात. उतरणाऱ्यांचे चेहरे बघा, सामान कसं टाकतात ते बघा, कुणी माणसं मोजतंय का ते बघा.

माणसं मोजणं ही क्षुल्लक गोष्ट वाटते. २५ जानेवारी १९९८ ला ऑस्ट्रेलियात ग्रेट बॅरियर रीफवर पोर्ट डग्लसहून गेलेली एक डायव्ह बोट एका अमेरिकन जोडप्याला समुद्रातच सोडून परत आली. मोजणीत चूक. ते दोघं मागे राहिलेत हे दोन दिवसांनी लक्षात आलं, तेही त्यांची बॅग होडीवर तशीच पडलेली दिसली म्हणून. ते कधीच सापडले नाहीत. त्यानंतर क्वीन्सलँडमध्ये मोजणीचे नियम कडक झाले. चांगल्या होडीवर आता नुसती डोकी मोजत नाहीत, नावं पुकारतात, आणि ज्याचं नाव त्यानेच "हजर" म्हणायचं, बायकोने नवऱ्याच्या वतीने नाही.

दुसरं, ऑक्सिजन. डिकम्प्रेशनचा त्रास (दाब कमी होताना अंगात वायूचे बुडबुडे होणं) झाला तर पहिला उपचार म्हणजे शुद्ध ऑक्सिजन, जमेल तेवढ्या लवकर. सगळेच सांगतात "आहे, आहे". मी दाखवायला सांगतो. एका ठिकाणी हिरवी पेटी मोठ्या अभिमानाने दाखवली, वर छोटं कुलूप. किल्ली? किल्ली दुकानात, मॅनेजरच्या खणात, आणि आम्ही किनाऱ्यापासून तासभर लांब. पेटी उघडून दाखवली तरी काटा बघा. मिनिटाला १५ लिटरने ६०० लिटरचा सिलिंडर ४० मिनिटांत संपतो. त्यामुळे पुढचा प्रश्न ओघानेच येतो: सगळ्यांत जवळचं रिकम्प्रेशन चेंबर (त्या त्रासावर पुन्हा दाबाखाली ठेवून उपचार करायची खोली) कुठे आणि तिथे पोचायला किती वेळ? याचं उत्तर ज्याला पाठ आहे त्याने आधी विचार केलेला असतो. बेटावर चेंबर नसणं हा गुन्हा नाही, बऱ्याच बेटांवर नसतंच. नसेल तर काय करणार हे माहीत नसणं हा गुन्हा.

बाकी भराभर: सगळे डायव्हर खाली असताना होडीवर होडी चालवता येणारा माणूस हवा. रेडिओ हवा, नुसता मोबाइल नको. प्रत्येक गाइडकडे वर सोडायचा केशरी फुगा, म्हणजे एसएमबी, हवाच. प्रवाहाच्या ठिकाणी तुमच्याकडेही हवा. शिडी अशी हवी की हलत्या पाण्यात पकडता येईल. आणि डायव्हर वर येताना प्रॉपेलर बंद. फिरत्या पंख्याच्या दिशेने "या या" म्हणून बोलावणारे महाभाग मी डोळ्यांनी पाहिलेत.

हिशेबनीस

पैशाचं बोलू का? कोटेशन घेताना "एका डायव्हचा दर" विचारू नका, त्यात काय काय आलं ते विचारा. जॅकेट, रेग्युलेटर, मनगटावरचा डायव्ह कॉम्प्युटर (खोली आणि वेळ मोजणारा), वेटसूट, सागरी उद्यानाची फी, होडी, गाइड. कॉम्प्युटरचं भाडं वेगळं लावून बऱ्याच ठिकाणी तो ऐच्छिक ठेवतात; माझ्या मते प्रत्येकाच्या मनगटावर स्वतःचा हवा, गाइडच्या मनगटावरचा गाइडचा डायव्ह मोजतो. हवामानामुळे रद्द झालं तर पैसे परत की दुसरी तारीख, हे लेखी घ्या. पैसे परत न देणाऱ्या माणसाला वादळातही समुद्र सपाट दिसतो.

आणि विमा. साध्या प्रवास विम्यात स्कूबा अनेकदा वगळलेलं असतं, किंवा ठरावीक खोलीपर्यंतच, किंवा फक्त सर्टिफाइड लोकांना. बारीक अक्षरं वाचा. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क, म्हणजे डॅन, ही १९८० मध्ये ड्यूक विद्यापीठात सुरू झालेली संस्था याच कामाची आहे. तिच्या वेगवेगळ्या देशांतल्या शाखांमार्फत डायव्हिंगसाठीचा विमा मिळतो. चेंबरचा आणि तिथपर्यंत उचलून नेण्याचा खर्च भल्याभल्यांचं बजेट कोलमडवतो.

खोलकर

+१. आणि विमानाचं आधीच ठरवा. डॅनच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे एकच साधा डायव्ह केला असेल तर विमानाआधी निदान १२ तास, आणि अनेक डायव्ह किंवा अनेक दिवस केलं असेल तर निदान १८ तास. मी स्वतः पूर्ण दिवस सोडतो. शेवटच्या दिवशी सकाळी डायव्ह आणि संध्याकाळी विमान असं पॅकेज जो विकतो त्याच्याकडून काहीच घेऊ नका. उंच डोंगरावरचा रस्ता ओलांडून जायचं असेल तर तेही विमानासारखंच धरा.

भाड्याच्या सामानाबद्दल: पाण्यात उतरायच्या आधी रेग्युलेटर तोंडात धरून चार-पाच खोल श्वास घ्या आणि डोळे प्रेशर गेजवर ठेवा. काटा जागचा हलता कामा नये. श्वासागणिक खाली-वर नाचत असेल तर टाकीचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडलेला नाही. वर मजेत श्वास येतो आणि खाली गेल्यावर अचानक कमी पडतो. होज जिथे जोडलेला असतो तिथलं रबर वाकवून बघा, चिरा दिसतात का. माउथपीसचे दातात धरायचे कोपरे चावून तुटलेले असतील तर तिथेच बदलून मागा. मुलीसाठी लहान मापाचं जॅकेट आणि लहान माउथपीस आहे का हे आत्ताच विचारा. मोठं जॅकेट आवळून घातलं तरी पाण्यात वर सरकून हनुवटीला टेकतं.

टाक्यांच्या खांद्यावर तपासणीच्या तारखा ठोकलेल्या असतात. अनेक देशांत दर ५ वर्षांनी पाण्याच्या दाबाची चाचणी आणि दरवर्षी आतून पाहणी अशी पद्धत आहे. आणि टाक्या भरणारा कॉम्प्रेसर. त्याचा हवा ओढायचा पाइप जनरेटरच्या धुराड्याशेजारी असेल तर कार्बन मोनॉक्साइड टाकीत जाऊ शकतो. त्याला वास नसतो आणि खोल पाण्यात त्याचा परिणाम वाढतो. श्वासाच्या हवेसाठीच्या युरोपच्या १२०२१ या मानकात त्याची मर्यादा दहा लाखात ५ भाग एवढीच आहे. हवेला तेलाचा किंवा धुराचा वास आला तर ती टाकी परत. वास आला नाही म्हणून सगळं ठीक असंही नाही, म्हणून फिल्टर कधी बदलला त्याची वही असते का ते विचारा. हसतील. हसू देत. ज्यांच्याकडे वही असते ते हसत नाहीत, आणतात.

शेवाळ

सगळे माणसांचंच बोलताय, प्रवाळाचं कोण बोलणार?

होडी नांगर टाकते की आधीच बसवलेल्या बोयाला बांधते, हे विचारा. नांगर प्रवाळावर ओढला गेला की जे तुटतं ते आपल्या हयातीत परत उभं राहील याची खात्री नाही. गाइड फोटोसाठी स्टारफिश उचलून हातात देतो का, माशांना खायला घालतो का, कासवाला धरू देतो का? २००४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने आणि रीफ-वर्ल्ड या संस्थेने ग्रीन फिन्स नावाचा उपक्रम सुरू केला. त्यात सहभागी दुकानांची आचारसंहिता असते आणि प्रत्यक्ष येऊन तपासणी होते. तुमच्या बेटावर असं कुणी असेल तर यादीत वर घ्या.

हे नुसतं निसर्गप्रेम नाही. जो गाइड पाण्यात शिरताच प्रत्येकाचं वजन आणि तरंगणं तपासतो, फिन्स खाली लागू देत नाही, तोच गाइड तुमची हवाही वेळेवर विचारतो. जो तुम्हाला प्रवाळावर उभं राहू देतो तो पुढचंही सगळं चालवून घेतो. सनस्क्रीनऐवजी लांब बाह्यांचा रॅशगार्ड घाला. हवाईने २०२१ पासून ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेल्या सनस्क्रीनच्या विक्रीवर बंदी घातली आहे, ती याच चिंतेपोटी.

लाटांवर_झोप

अवांतर: होडीवरच राहायच्या सफरी, लिव्हअबोर्ड, यांचं काय? त्यात दिवसाला जास्त डायव्ह होतात म्हणे.

बुडबुडे

होतात. पण तिथे पहिला प्रश्न पाण्याचा नसतो, आगीचा असतो. २ सप्टेंबर २०१९ ला कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझ बेटाजवळ 'कन्सेप्शन' ही डायव्ह बोट रात्री जळाली. खालच्या डेकवर झोपलेले ३३ प्रवासी आणि १ कर्मचारी, असे ३४ जण गेले. चौकशीत मुख्य ठपका आला तो रात्री गस्त घालणारा माणूस जागा नसण्यावर. त्यामुळे विचारा: रात्री जागं कोण असतं, झोपायच्या जागेतून बाहेर पडायला दोन वेगवेगळे मार्ग आहेत का, आणि कॅमेऱ्यांच्या बॅटऱ्या रात्रभर चार्जिंगला ठेवू देतात का. पहिल्याच दिवशी त्या दोन्ही मार्गांनी स्वतः बाहेर पडून बघा. निळाईताईंचा हा विषय नाही, त्यामुळे इथेच थांबतो.

निळाई

मंडळी, अपडेट. तुमच्या सूचनांवरून एक मेल तयार करून तिघांनाही सारखाच पाठवला. उत्तरं आली.

एजंट: "नो टेन्शन मॅडम, १००% सेफ." सोबत कासवाचा फोटो. ऑक्सिजन, इन्स्ट्रक्टरचा नंबर, काहीच नाही. पुन्हा विचारलं तर सवलत दिली.

मोठं सेंटर: सुरेख पीडीएफ आलं. ऑक्सिजन, रेडिओ, चेंबर, विमा सगळ्याची व्यवस्थित उत्तरं, मानायला हवं. पण एका इन्स्ट्रक्टरमागे किती जण, यावर "मानकांप्रमाणे" एवढंच. आणि इन्स्ट्रक्टर कोण ते त्या दिवशी सकाळी कळेल. माझा शेवटचा डायव्ह कधी झाला हे त्यांनी विचारलंच नाही, थेट १८ मीटरचे दोन डायव्ह कोटेशनमध्ये.

छोटं दुकान: उत्तर यायला दोन दिवस लागले आणि इतकं कोरडं की आधी वाटलं यांना गिऱ्हाईक नकोच आहे. पण वाचा: "तुम्ही मधली वर्षं उतरला नाहीत, म्हणून पहिला दिवस उथळ पाण्यात रिफ्रेशर, त्याशिवाय होडीवर घेत नाही. पतींचा वैद्यकीय फॉर्म डॉक्टरांच्या सहीसह आधी पाठवा, सही नसेल तर त्यांना स्नॉर्केलिंग करता येईल. पती आणि मुलगी वेगवेगळ्या वेळी, प्रत्येकासोबत एक इन्स्ट्रक्टर. तुम्हाला भिंतीवरचा, म्हणजे पाण्याखालच्या उभ्या कड्याचा स्पॉट आवडेल, पण त्या आठवड्यात भरती-ओहोटीचा फरक मोठा आहे, तिथे नेण्याचं वचन देत नाही. परतीचं विमान सकाळी असेल तर आदल्या दिवशी डायव्ह नाही." खाली दोघांचे इन्स्ट्रक्टर नंबर, न मागता चेंबरचं अंतर, आणि लहान जॅकेटचं माप.

नवरा म्हणाला, "हे लोक आपल्याला नाहीच म्हणतायत." आणि मग स्वतःच म्हणाला की याच लोकांबरोबर जाऊ.

खोलकर

निवड झाली की मग! भरती-ओहोटी बघून "वचन देत नाही" म्हणणारी माणसं सुट्टीच्या ठिकाणी दुर्मिळ. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास प्रवाह जोरात असतो, त्यांना त्यांचं पाणी माहीत आहे.

फक्त एक: दोघंच चालवतात, होडी एकच. त्यांच्यातलं एक आजारी पडलं किंवा इंजिन बिघडलं तर काय, हे विचारून घ्या. छोट्या दुकानाचा तोच कच्चा दुवा. आणि मोठ्या सेंटरला सरसकट वाईट ठरवू नका, "मानकांप्रमाणे" म्हणणाऱ्याला पुन्हा एकदा "म्हणजे आकड्यात किती?" असं विचारलं तर कधी कधी चांगलं उत्तर मिळतं.

तळ्यात_मळ्यात

मला त्या एजंटचा नंबर द्या... गंमत करतोय. तो मेल इथे टाका ना जमल्यास. पुढच्या वेळी मी पण पाठवीन. आधी पूलमध्ये बसेन म्हणतो.

निळाई

@तळ्यात_मळ्यात, टाकते आज रात्री. @खोलकर, विचारलं, शेजारच्या बेटावरच्या दुकानाशी त्यांची अदलाबदल ठरलेली आहे, होडी बंद पडली तर त्यांची येते म्हणाले. त्यांची होडी आपली नाही, तिच्याविषयी वेगळं विचारेन.

आता शेवटचा, अगदी फुटकळ प्रश्न. लेकीला चष्मा आहे आणि नवऱ्याला मिशी. मास्कचं काय?

पाणघोडा

फुटकळ कसला, पाण्याखालचे निम्मे वैताग मास्कचेच असतात. नंबराच्या तयार काचा मिळतात, साधारण अर्ध्या-अर्ध्या नंबराच्या फरकाने. लेकीचा नंबर आधी कळवून ठेवा, त्यांच्याकडे नसेल तर इथूनच घेऊन जा. पाणी वस्तू मोठ्या आणि जवळ दाखवतं, त्यामुळे थोडा कमी नंबरही चालून जातो. मास्क घेताना पट्टा मागे न लावता नुसता चेहऱ्यावर टेकवा, नाकाने हलका श्वास आत ओढा आणि हात सोडा. चिकटून राहिला तर बसला. नवा असेल तर काचेवर आतून फॅक्टरीचा पातळ थर असतो, जरा टूथपेस्टने चोळून धुवा, नाहीतर सतत धुकं धरेल.

मिशीतून पाणी झिरपणार हे नक्की. नाकाच्या खाली लगेचची एक बारीक पट्टी भादरली तर बरंच थांबतं. सगळी काढायची गरज नाही, भावोजींना सांगा.

निळाई

सांगितलं. वाटाघाटी चालू आहेत.